बिजागरी

परसात, कोळशाच्या खोपट्याला लागून,
बाबांनी रेल्वेच्या टाकाऊ स्लीपरांचं कुंपण घातलं होतं,
गुडघ्याएवढं.
आत कुजक्या पानांचा थर, केकच्या पत्र्यात पाणी,
आणि दोन कासवं,
पोटाचं झाकण ओढून
स्वतःला डबीत ठेवून देणारी.

नराचे डोळे लाल. त्याचं नाव डीकन,
कारण आमच्या चर्चमधल्या डीकनसारखाच तो
मान पुढे काढून कुणाचं काय चुकतंय ते बघायचा.
मादीला आम्ही शाळेच्या हेडबाईंचं नाव दिलं,
मिसेस हॉल्कम,
आणि मग तिला अगं-तुगं करायची सोयच उरली नाही.

मे महिन्यात बाबा नळीनं खोटा पाऊस पाडायचे.
"पाणी लागलं की त्याला आठवतं," म्हणायचे.
काय आठवतं ते सांगायचे नाहीत.
मी नऊ वर्षांची.

डीकन निघायचा.
नाकदुऱ्या काढणं त्याच्या स्वभावात नव्हतं.
तिच्याभोवती एक फेरी, मग अर्धी,
मग ढालीच्या कडेला चावा, मग धडक,
टक्... टक्...
कुणीतरी अक्रोड फोडत बसल्यासारखं.
मिसेस हॉल्कम मिटून घ्यायच्या.
ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.
एकदा तर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.
घेवड्याच्या शिरा काढत आई खिडकीतून म्हणाली,
"ऑडेल, त्या बिचारीला सोडव तरी."
बाबा म्हणाले, "बिजागरी तिच्याकडे आहे, वर्ना."

आणि खरंच,
मागची फट त्या उघडायच्या तेव्हाच उघडायची.
त्याची मागची नखं आत अडकली
की झाकण पुन्हा बंद, त्याच्या पायांसकट.
तो उभाच्या उभा, मग कलता, मग
जवळजवळ आडवा, तोंड उघडं, आभाळाकडे बघत.
बाबांच्या वहीत: "३ मे. पावणेपाच. पकडलं."
कुणी कुणाला, ते लिहिलेलं नाही.

सुटल्यावर त्या सरळ स्ट्रॉबेरीकडे जायच्या.
डीकन पाठीवर, चारी पाय हवेत वल्हवत.
बाबा बुटाच्या टोकानं त्याला सुलटा करायचे.
दोन फुटांच्या थरात
आडवं पडून वीस वर्षं कोळसा काढलेला माणूस,
त्याला हे बघवायचं नाही.

मी सोळाची झाले त्या जुलैत
बाबांची छाती भरली. पाइकव्हिलचं हॉस्पिटल.
तीन दिवस घराला कुलूप.
नळी तशीच चालू राहिली होती, बारीक धार,
परसात चिखल,
आणि डीकन उताणा, कोरड्या बाजूला, उन्हात.
मुंग्या आधीच आल्या होत्या.

चौथ्या दिवशी बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून विचारलं,
"डीकनला सुलटं कोण करतंय?"
मी म्हटलं, "मी."

ते सप्टेंबरात गेले.

पुढच्या जूनमध्ये संध्याकाळी
मिसेस हॉल्कम मागच्या पायांनी माती उकरत होत्या,
डोकं वर, जणू पायांशी त्यांचा संबंधच नाही.
चार अंडी.
"रिकामी असणार," आई म्हणाली.
त्याच्या पुढच्या जूनला पुन्हा. मग तिसऱ्या.
कृषी खात्याचा पोरगा, रस्टी स्लोन, टोपी काढून,
कान लाल करत म्हणाला, "त्या आत जपून ठेवतात, मॅडम.
नराचं. चार-चार वर्षंसुद्धा."
आईनं त्याला जास्तीचा मक्याचा पाव बांधून दिला
आणि दार जरा जोरातच लावलं.

त्या वर्षी कॉलेजातून आले तेव्हा
वही फ्रिजवर होती, पीठ लागलेली.
बाबांच्या तिरक्या अक्षराखाली सात वर्षं... नाही,
तीन वर्षं कोरी जागा, मग आईचं अक्षर,
दुकानाच्या यादीसारखं सरळ:

"९ सप्टेंबर. सकाळी. दोन बाहेर आली, अक्रोडाएवढी.
एकाच्या पाठीला अजून माती.
टॉर्चच्या बॅटऱ्या आणणे.
डोळ्यांचा रंग कळत नाही."